पिठातली रेघ

दत्तोबाची बायको शालूबाई ज्या कोपऱ्यात गेली तिथं त्यानं दिवा लावला होता. तिसऱ्या रात्री दिव्याशेजारच्या भुईवर तांदळाचं पीठ पसरून वर टोपली पालथी घातली. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते पिठात उमटतं, अशी बोरखिंड वाडीची रीत. सकाळी दत्तोबाच्या थोरल्या बहिणीनं, येसूबाईनं, टोपली उचलली आणि तोंडाला पदर लावला.

पिठात रेघ होती. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, सरळ.

"नागीण झाली रं दत्तू," ती म्हणाली. "घर राखाया माघारी आली. आता धाव्यापतुर दिवा हालवायचा न्हाई, आन् तू घर सोडायचं न्हाई."

"मी कशाला सोडतोय, आक्का?"

दत्तोबा रेघेकडं बघत बसला. शालू जिवंतपणी कधी सरळ चालली नव्हती. अंगणातून जाताना कोंबडीला हाकल, दोडक्याच्या वेलाला हात लाव, शेजारणीला हाक मार, असं तिचं चालणं. मेल्यावर माणूस बदलत असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं.

बाहेर पाऊस धरून होता. मागचा डोंगर ढगात बुडाला होता. खिडकीच्या खिळ्याला टांगलेला फोन वाजला. घरात रेंज तेवढ्याच जागी यायची, म्हणून दत्तोबा फोन तिथंच ठेवून स्पीकरवर बोलायचा. फोन तेजलचा होता. लग्न झालेल्या लेकीला सुतक तीन दिवसांचं, म्हणून ती काल संध्याकाळीच पुण्याला गेली होती.

"आबा, आत्ताच्या आत्ता बाहेर पडा. आत्याला घ्या, वाडीतल्या सगळ्यांना घ्या, आणि शाळेत जा."

"काय झालं?"

"डोंगर सुटलाय."

तेजल भूकंपाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत होती. उपग्रह वरून रडारनं जमीन टिपतो, ढग असले तरी टिपतो. धक्क्याआधीचं आणि नंतरचं चित्र ताडून जमिनीच्या पोटातली भेग कुठं आणि किती सरकली, ते तिथला प्रोग्राम आपला आपणच काढतो. शालूबाई अंथरुणावर असतानाच एक धक्का बसला होता, फळीवरची भांडी पडली होती. मग प्रोग्रामचं उत्तर आलं. भेग खोल आहे, थोडीच सरकली, वाडीला धोका नाही. सरपंचांनी ते देवळात वाचून दाखवलं आणि माणसं निवांत झाली.

"तूच तर म्हणालीस, धोका न्हाई."

"भेगेचा नाहीच आहे, आबा. पण भेगेच्या हिशेबात जी ठिकाणं बसत नाहीत, ती प्रोग्राम चूक समजून टाकून देतो. आज कामावर आल्यावर मी ती टाकलेली ठिकाणं उघडून बघितली. आपल्या वाडीचे पत्रे आहेत ते. एकूण एक घर. आणि सगळी एकाच बाजूला सरकलीत, उताराला."

"किती?"

"बोटभर."

"बोटभर? अगं, पावसाळ्यात आपलं दारबी बोटभर फुगतं. आज सकाळपासून अडकून बसलंय."

"दार अडकलंय?" तेजलचा आवाज चिरकला. "आबा, ते फुगलेलं नाही."

तेवढ्यात शेजारचा माऊली डोक्यावर पोतं घेऊन खिडकीशी आला. त्यालाही तेजलचा फोन गेला होता. "आबा, ताई काय म्हणत्यात? समद्यांनी शाळंत जायाचं? म्हातारी म्हणती, आबा उठलं तर मी उठंन. डोंगर हालंल, पण आबा हालायचं न्हाईत!" तो हसला, पण पाय जागच्या जागी नाचवत राहिला.

दत्तोबा हसला नाही. "मी न्हाई यायचा," तो फोनमध्ये म्हणाला. "तुजी आई हितं हाय. रातच्याला पिठात आली."

 तेजलनं हळू विचारलं, "पिठात काय आलं?"

"रेघ. सापावानी."

"वळणं आहेत?"

"न्हाई. सरळ हाय."

"रेघेच्या जागी पीठ खाली गेलंय का? आत?"

दत्तोबानं तसं बघितलं नव्हतं.

"पीठ बाजूला सारा, आबा. तुमच्या पाया पडते. खाली काय आहे ते बघा."

येसूबाईनं ऐकलं आणि ती मधे आली. "हात लावू नगंस! ते पीठ धाव्याला पवना नदीत सोडायचं असतं. पीठ मोडलं तर तिची वाट मोडंल."

दत्तोबा पिठाशी उकिडवा बसला. फोनवर लेक रडत होती, समोर बहीण हात जोडून उभी होती, खिडकीत माऊली थांबला होता. शालूचं म्हणून आता एवढंच उरलं होतं. ते आपल्याच हातानं पुसायचं.

"शालू, राग धरू नगं," तो म्हणाला, आणि तळव्यानं पीठ सारलं.

खाली सारवलेली भुई फाटली होती. त्यानं बोट घातलं. बोट मुळापर्यंत आत गेलं, आणि आत गार पाणी वाहत होतं. भेग दिव्याखालून भिंतीत शिरली होती.

तो उठला. दिवा उचलला आणि वरून घमेलं आडवं धरलं.

"दिवा हालवलास, दत्तू!"

"दिवा शालूचा हाय, आक्का. भुईचा न्हाई. चल."

दार उघडेना. माऊलीनं बाहेरून ओढलं, दत्तोबानं आतून लाथ घातली. तिसऱ्या लाथेला दार चौकटीसकट निखळलं, आणि वरची भिंत करकरली. सुतकातला माणूस दुसऱ्याचा उंबरा चढत नाही. दत्तोबा चढला. दिवा पुढं धरून तो दारोदार गेला. कुणाला काही समजावलं नाही, फक्त "निघा" म्हणाला. आबानं दिवा घराबाहेर काढला, हे बघून माणसांनी पोरं उचलली, गुरं सोडली. माऊलीनं म्हातारीला पाठुंगळी घेतलं. ती सारखं विचारत होती, "आबा उठलं का रं? खरंच उठलं?"

कामशेतच्या रस्त्यावरच्या शाळेत वाडी पोचली तेव्हा सगळ्यांचे श्वास मोठ्यानं ऐकू येत होते. तास गेला, दुसरा गेला. काही झालं नाही. दोघंचौघं कुरकुरायला लागली. येसूबाई दत्तोबाकडं पाठ करून बसली होती.

मग पाऊस थोडा थांबला, आणि त्या शांततेत डोंगर आला. आधी झाडं मोडल्याचा आवाज, मग नुसती घरघर. ढग वर सरकला तेव्हा बोरखिंडीच्या जागी लाल चिखल होता.

 येसूबाई दत्तोबाकडं वळली आणि पदराची कड फाडून तिनं दिव्यासाठी वात वळायला घेतली.

संध्याकाळी तेजल पुण्याहून भिजून आली. तिनं बापाचा हात धरला. तळव्याला अजून पीठ होतं, ओलं होऊन रेषांत बसलेलं.

"धुवा ना, आबा."

"न्हाई," तो म्हणाला. "धाव्याला पवनेत धुईन."