काळी वाळू, पांढरे मासे

घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून काका दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे. नजरेच्या मधोमध धुरकट डाग आला होता. तो वाढतच जाणार, आता इलाज नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. त्यावर काकांनी चकार शब्द काढला नाही. काकूंना मात्र ते गप्प बसणं खायला उठायचं. शेवटी त्यांनी काकांच्या समोरच माशांची काचेची टाकी आणून ठेवली. भिंतच बघायची ना? मग जरा हलणारी बघा!

वाळू काकूंनीच निवडली, पांढरीशुभ्र. मासेही त्यांनीच निवडले, बोटाच्या पेराएवढे, निळ्या-लाल पट्टीचे.

"कसे आहेत?" त्यांनी कौतुकाने विचारलं.

काका काचेला नाक लावून म्हणाले, "वा! काय सुळसुळ पळतायत!"

मासे तर सगळेच्या सगळे मागच्या कोपऱ्यात फिल्टरच्या आडोशाला दडले होते. काका बघत होते तिथे नुसतं पाणी होतं. काकूंच्या काळजात धस्स झालं. हा माणूस माझं मन राखायला खोटं बोलतोय, आणि मी मेली डोळे असून आंधळी!

दुसऱ्या दिवशी त्या तडक माशांच्या दुकानात गेल्या.

"पांढऱ्या वाळूवर हे मासे बावरतात, रंगही फिका पडतो," दुकानदार म्हणाला. "मी तेव्हाच सांगितलं होतं, काकू."

"सांगितलं असशील. मी ऐकते का कुणाचं? आता मला अधू डोळ्यांना दिसेल असं काहीतरी दे."

त्याने काळी, गुळगुळीत वाळू काढली आणि दोन मोठे, पांढरे गोल्डफिश दाखवले. "पण दोनच हं. टाकीत जास्त कोंबले की पाणी नासतं. आणि ते छोटे मला परत द्या, नाहीतर हे गट्टम करतील."

काकू बादलीत वाळू धूत बसल्या. काळं पाणी ओतायचं, नवं घ्यायचं, पुन्हा ढवळायचं. कंबरेचा पार काटा ढिला झाला.

"काय खटाटोप चाललाय?" काकांनी विचारलं.

"तुमचं काय जातंय? बसा गप!"

छोटे मासे परत देऊन संध्याकाळी दोन्ही गोल्डफिश पाण्यात सोडले. काकांनी काचेला नाक लावलं. काकूंचा जीव टांगणीला लागला.

"त्यातला मोठा भलताच दांडगट दिसतोय," काका म्हणाले. "बिचाऱ्या धाकट्याला कोपऱ्यात रेटतोय."

खरंच रेटत होता! काकूंचे डोळे भरून आले. इतक्या महिन्यांत त्यांना एवढा आनंद झाला नव्हता. "दिसतायत ना? आता रोज बघा, पोटभर बघा."

"रोज कुठले दिसायला, गं?"

डोळ्यांबद्दल काका पहिल्यांदाच बोलले होते. मग त्यांनी सरळ डोळे मिटून घेतले. "आता सांग, काय चाललंय?"

"हे काय खूळ?"

"सांग तर."

"मोठा वाळूत तोंड खुपसतोय. तोंडभर घेतली... थुंकली. धाकटा आपला फिरतोय."

"फिरतोय म्हणजे? कुठून कुठे? शेपटी कशी हलतेय?"

"अहो, डोळे उघडा आणि बघा की!"

"चिडू नकोस. नीट सांगायला शीक," काका डोळे मिटूनच म्हणाले. "मला पुढे त्यावरच भागवायचंय."

 काकूंनी खुर्ची काकांच्या जवळ ओढली आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला घेतलं.