दोन नंबरांचा एकच खटला

माझी जीभ तिखट आहे असं सगळे म्हणतात. असेल. शिवणकामाच्या दुकानात बाई गोड बोलायला लागली की गिऱ्हाईक डोक्यावर मिरी वाटतं. पण एका बाबतीत मी अकरा वर्षं तोंडाला कुलूप लावून होते, आणि ते उघडलं जिल्हा न्यायालयाच्या तळघरात, एका कारकुनाच्या टेबलासमोर.

अकरा वर्षांपूर्वी माझा दादा दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला. दादा तेव्हा बसचालक होता. सुट्टीच्या दिवशी कुणा सोबत्याच्या निरोपाचं जेवण होतं, तिथून भरदुपारी झुलत घरी आला. पोरीला पोहण्याच्या वर्गातून आणायची त्याची पाळी होती. वहिनी कामावर. मी तेव्हा आईच्या घरीच मशीन टाकून बसायचे. त्याचा अवतार बघितला आणि गाडीची किल्ली मशीनच्या खणात दडवली. मोठा पराक्रम केल्यासारखी बसून राहिले. गाड्यांना दोन किल्ल्या असतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दुसरी दाराआडच्या खिळ्याला होती. ती घेऊन तो निघालासुद्धा.

मग मी पोलिसांना फोन केला आणि गाडीचा नंबर सांगितला. पोहण्याच्या तलावाच्या अलीकडच्या चौकात त्यांनी त्याला अडवलं. पोरीला मी चालत जाऊन घेऊन आले आणि तिला सांगितलं, बाबांना काम निघालं.

फोनचं मात्र कुणालाच सांगितलं नाही. दादाची नोकरी गेली, परवाना वर्षभर बंद झाला, आणि घरात जे व्हायचं ते सगळं झालं. आई जाईपर्यंत त्या फोन करणाऱ्याचा उद्धार करत होती. त्याचं कधी भलं होणार नाही, म्हणायची. मी शेजारी उभी राहून भांडी घासायचे. दादाही पहिली दोन वर्षं म्हणत असे, कोण तो कळू दे, बघून घेतो. पुढे त्याने दारू सोडली आणि तो विषयही सोडला. मला वाटलं, चला, सुटले.

या वर्षी एका डायलिसिस केंद्राला रुग्णांची ने-आण करणारा चालक हवा होता. नऊ वर्षं दादाने थेंबाला हात लावलेला नाही, हे त्या केंद्राच्या डॉक्टरीणबाईंना माहीत होतं. जागा जवळजवळ त्याचीच होती. फक्त परवाना कार्यालयातून मागचा सगळा इतिहास आणायचा होता. तो आला आणि त्यात दारूचे गुन्हे दोन निघाले.

आमच्याकडे पहिल्या गुन्ह्याला दंड, वर्षभर परवाना बंद आणि बारा दिवसांचे सुधारवर्ग, एवढी शिक्षा आहे. ती दादाने मुकाट भोगली होती. दुसऱ्या गुन्ह्याला मात्र प्रवासी गाडी जन्मात चालवायची नाही. दादा परवाना कार्यालयाच्या खिडकीवर म्हणाला की मला एकदाच पकडलं होतं. खिडकीतला माणूस म्हणाला, दुसऱ्या वेळी शुद्धीत नसाल.

दादा घरी येऊन बसला. पण खरा घाव वेगळाच होता. तो कागद वाचताना वहिनीने क्षणभर त्याच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, आणि ते दादाला दिसलं. नऊ वर्षांची मेहनत त्या एका नजरेत पाण्यात गेली असं त्याला वाटलं असणार. जेवला नाही तो त्या दिवशी.

मी म्हणाले, कोर्टात जाऊन मूळ फाइल मी बघते. सगळे म्हणाले, बघा, बहीण असावी तर अशी. खोटं कशाला बोलू? अर्धी मी दादासाठी गेले आणि अर्धी माझ्यासाठी. त्या फाइलीत फोनची नोंद असणार, ती आधी आपल्या नजरेखालून गेलेली बरी, एवढाच हिशेब. दादाने पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करून कागद न वाचता सही ठोकली होती, म्हणून तर मी इतकी वर्षं वाचले होते.

रेकॉर्डची खोली तळघरात. कपाटांच्या रांगा, कापडात बांधलेले गठ्ठे, आणि एका दिव्याखाली एक वयस्क कारकून सुईदोऱ्याने फाइल शिवत बसलेले. टाका बरा होता, हे मी आधी बघितलं. मी दादाचं नाव सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला. नाव नको, तारीख सांगा, म्हणाले, नावं सारखी निघतात. तारीख मी झोपेतही सांगितली असती.

अर्ध्या तासात त्यांनी दोन गठ्ठे आणून सोडले. दोन वेगळे नंबर, निकालाच्या दोन वेगळ्या तारखा. म्हणजे वहिनीची नजर खरी होती की काय?

कारकून पानं उलटत राहिले आणि गालात हसले. मग त्यांनी मला समजावलं. त्या वर्षी कोर्टाचे दोन भाग झाले होते. इकडचे खटले तिकडे पाठवले, तिकडे त्यांना नवा नंबर पडला. जुना नंबर कुणी बंद करायचा? इकडच्यांना वाटलं तिकडचे करतील, तिकडच्यांना वाटलं इकडचे करतील. पुढे सगळं कॉम्प्युटरवर चढवताना एका खटल्याचे दोन झाले. निकालाची म्हणून जुन्या नंबरापुढे जी तारीख होती, ती फाइल पाठवल्याची होती. अशी सतरा माणसं त्यांना आजवर सापडली होती. दादा अठरावा.

मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. म्हटलं, मग निकालाची शिक्क्याची प्रत द्या, मी निघते.

ते म्हणाले, निकालाने काम व्हायचं नाही. निकालावर फक्त नवा नंबर, जुन्याचा उल्लेखच नाही. दोन्ही खटले एकच, हे फक्त पहिल्या पानावरून कळतं. फोनची वेळ एक, हवालदार एक, मजकूर शब्दाला शब्द एक. या पानाची शिक्क्याची प्रत अर्जाला लावली की खिडकीतला माणूस गप्प बसेल. आणि ज्याचा खटला आहे त्याने पान वाचून खाली सही करायची, तो नियमच आहे.

एवढं बोलून त्यांनी पान माझ्याकडे फिरवलं. हवालदाराचं अक्षर गोल, शाळकरी होतं.

‘फोन करणाऱ्या बाईने नाव सांगितले नाही. आपण चालकाची बहीण आहोत असे सांगितले. त्याला मारू नका, पण गाडी थांबवा, पोरगी तलावावर वाट बघतेय, असे म्हणून बाई रडू लागली.’

मी हे बोलले होते? गाडीचा नंबर सांगितलेला आठवत होता, बाकी काहीच नाही. रडले होते हेही नाही. त्या हवालदाराने घाईत चार शब्द खरडून काम भागवलं असतं तरी त्याला कोण विचारणार होतं? पण त्याने सगळं लिहून ठेवलं होतं.

कारकुनांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. मी कोण हे त्यांनी विचारलं नाही, त्याची गरजच नव्हती. समोरच्या कपाटाकडे बोट करून म्हणाले, “ताई, त्या कपाटातही दारूचेच खटले आहेत. त्यांच्यात पहिलं पान शवविच्छेदनाचं असतं. हे पान घेऊन जायला घाबरू नका.”

वाटेत दोनदा मनात आलं की पान सापडलंच नाही असं सांगावं. कुणाला कळणार होतं? माझी अब्रू शाबूत राहिली असती. पण मग वहिनीची ती नजरही राहिली असती, दादा मरेपर्यंत.

दादा टेबलाशी बसला होता. मी पान पुढे ठेवलं, दोन्ही नंबर एकाच खटल्याचे निघाले हे सांगितलं आणि म्हणाले, वाच आणि सही कर. तो ओळीखाली बोट धरून वाचतो, बसचे फलक वाचल्यासारखा. बोट एका जागी थांबलं. तिथून हलेचना. मी पदराचं टोक पिळत उभी.

शेवटी त्याने मान वर केली. डोळे भरलेले.

“आई इतकं बोलायची,” तो म्हणाला, “आणि तू तिथेच भांडी घासत असायचीस.”

मी म्हणाले, “मग काय करणार? भांडी कोण घासणार होतं?”

तो हसला आणि हसता हसता त्याला हुंदका आला. मग म्हणाला, “मला वाटायचं कुणी परका असेल. दारू सुटल्यापासून, भेटला तर पाय धरायचे असं ठरवलं होतं मी, धाकटे. माझी पोर वाचवली त्याने. मला आभार मानायला येत नाही.”

“येत नाही तर मानू नकोस,” मी म्हणाले. “सही कर.” मग मीही रडले, काय लपवायचं? वहिनी आतून आली, तिने उभ्या उभ्या पान वाचलं, आणि दादाच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. त्याचा हात तिने सोडला नाही. मला म्हणाली, बस ना गं, उभी का.

तीन आठवड्यांनी दुसरी नोंद खोडली गेली. कारकुनांना मी स्वतः शिवलेला सदरा नेऊन दिला. त्यांनी शिवण उलटून बघितली आणि पसंतीची मान हलवली. त्या हवालदाराचा पत्ता काही लागला नाही. कुठे असेल तिथे सुखी असो.

दादा केंद्रात कामावर रुजू झाला त्या पहिल्या संध्याकाळी दुकानात आला. गणवेशाची विजार लांब होत होती, ती आखूड करून हवी होती. मी माप घेत असताना त्याने खिशातून काहीतरी काढून मशीनवर ठेवलं. त्याच्या घरच्या गाडीची दुसरी किल्ली होती.

“ही तुझ्याकडे राहू दे,” तो म्हणाला.

मी त्याला सरळ उभा राहा म्हणून दटावलं, नाहीतर एक पाय आखूड होईल. तो गेल्यावर किल्ली मशीनच्या खणात टाकली, जिथे तेव्हा पहिली दडवली होती तिथेच. दोऱ्याची रिळं काढताना रोज हाताला लागते. लपवायची वेळ अजून आलेली नाही.