दोन बोटं माया

मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात कटिंगचं टेबल समोर, काचेपाशी होतं आणि तिचं स्टूल मागे, इस्त्रीच्या टेबलाला खेटून. नवा कपडा शिवून घ्यायला येणाऱ्यांना मास्तर भेटत. तिच्या वाट्याला तक्रारी यायच्या. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाची पँट पायात घोळणारी, कुणाला थोरल्याचा कोट धाकट्याच्या अंगावर बसवून हवा. उसवायचं, आत घ्यायचं, ढिलं करायचं. विशीत ती त्या स्टुलावर बसली, आता पस्तिशी उलटली होती, आणि कोऱ्या कापडाला तिने कधी कात्री लावली नव्हती.

शिलाईच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. माणूस अंगाने भरला की ती सोडवायची आणि कपडा सैल करायचा. तिचं सगळं काम या मायेवर चालायचं. शिलाईवर नुसतं बोट फिरवून आत किती कापड आहे ते तिला कळत असे.

मास्तर वर्षभर आजारी होते. काय झालंय ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. पण त्यांच्या पँटी तीच आत घेत होती, त्यामुळे सांगायची गरजही नव्हती. खडूची रेघ वाकडी जायला लागली, तेव्हा एका सकाळी ते तिच्या स्टुलापाशी आले.

"आता कटर लागणार. बाहेरून आणायचा की तुला बसवायचं, एवढंच ठरवायचंय. माझ्या मापाचा कोट काप. जमला तर टेबल तुझं."

"मी?"

"मग काय इस्त्रीवाल्याला सांगू?"

इस्त्रीवाला तयारच होता. "ताई, घाबरू नका. नाही जमला तर मी दाबून सपाट करतो. मास्तरांना वाटेल, टॉवेल शिवलाय."

घरी सांगितलं तेव्हा आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "या वयात कसली कात्री? हातचं बरं चाललंय. कापड बिघडवलंस तर आहे ते स्टूलही जाईल."

"अगं, ती मास्तरीण होणार आता," भाऊ म्हणाला. "आपल्याला ओळख दाखवेल की नाही, ते बघ."

ती हसली, पण जेवताना ताटातलं अन्न तिने नुसतं चिवडलं.

दुसऱ्या दिवशी तिने मास्तरांचं माप घेतलं. टेप छातीभोवती फिरवताना बनियनमधून बरगड्या हाताला लागल्या. आकडा तिने मोठ्याने म्हटला नाही. मग कापड पसरलं, खडूने आखलं, कात्री काठाला लावली आणि तिचा हात तिथेच थांबला. आजवर ती चुकली होती ते सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं. टाका चुकला की उसवायचा, पुन्हा घालायचा. इथे कापलं की कापलं. तिने रेघेच्या बाहेर दुसरी रेघ मारली. तीही जवळ वाटली, म्हणून तिसरी. मग बगलेला, पाठीला, बाहीला, खांद्याला, सगळीकडे दोन बोटं माया सोडून तिने कापड कापलं.

कोट अंगात घालून मास्तर आरशासमोर उभे राहिले. बगला फुगल्या होत्या. खांद्यावर गादी घातल्यासारखं दिसत होतं. त्यांनी अस्तराच्या उघड्या कडेतून अंगठा आत घातला.

"किती ठेवलीस?"

"दोन बोटं."

"खांद्यालासुद्धा? खांदा सुटलेला माणूस कधी बघितलास?"

इस्त्रीवाला फिसकन हसला आणि लगेच कामाला लागला.

"मला वाटलं," ती म्हणाली, "तुम्ही बरे झालात, अंग भरलं, तर सोडवता येईल."

मास्तरांनी आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. "मी भरणार नाही. ते डॉक्टरांच्या आधी तुला माझ्या पँटींवरून कळलंय. तुझी भीती माझ्या तब्येतीच्या नावावर खपवू नकोस."

ते खरं होतं.

"हा कोट नाही शिवलास," ते म्हणाले, "स्वतःसाठी अल्टरचं काम काढून ठेवलंस." त्यांनी कोट उतरवून तिच्या हातात दिला. "उसव आणि नीट बसव. तुला काय अवघड आहे?"

तिला काहीच अवघड नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिने तो असा बसवला असता की बघणाऱ्याने वाहवा केली असती. अल्टरमध्ये हिचा हात कोण धरणार, असं मास्तरच चार लोकांना सांगत फिरले असते. आणि ती जन्मभर स्टुलावर बसली असती.

"नाही उसवत," ती म्हणाली. मास्तरांना ती पहिल्यांदाच नाही म्हणत होती. "दुसरा कापते. कापड माझं आणते."

"सोमवारपासून मी कटर बोलावतोय."

"बोलवा. त्याच्या आधी कापते."

शनिवारी तिने कापला. या वेळी दुसरी रेघ तिने मारली नाही. माया शिलाईपुरती ठेवली. कोट अंगावर चढला तेव्हा पाठ सपाट बसली होती, बगलेत एक चुणी नव्हती. इस्त्रीवाला काम सोडून पुढे आला आणि या खेपेला त्याने काही विनोद केला नाही.

मग तिला ते दिसलं. आजारपणात मास्तरांचा डावा खांदा उतरला होता. तिने माप नेमकं त्याच खांद्यावरून घेतलं होतं आणि दोन्ही खांदे सारखे कापले होते. उजवीकडे कापड ताणलं गेलं होतं, गळ्यापासून बाहीपर्यंत तिरकी घडी पडली होती. सवयीने तिचं बोट शिलाईकडे गेलं. सोडवायला आत काही नव्हतं.

"परवा चुकलीस ती अल्टरवालीसारखी," मास्तर म्हणाले. "ही चूक कटरची."

"म्हणजे?"

"म्हणजे कोट वाया गेला."

ते समजूत घालत होते की विषय मिटवत होते, तिला कळलं नाही. त्यांनी कोट हळूहळू उतरवला, बराच वेळ लावून त्याची घडी घातली आणि ते घरी गेले.

सोमवारी कटर आला. तिच्याहून दहा वर्षांनी तरी लहान असेल. त्याने कापड पसरलं, कुणाशी न बोलता आखलं आणि थेट कात्री चालवली. मास्तर आले नव्हते. ती पँटीची उंची कमी करत मागे बसली होती. दुपारी डबा बंद करून ती टेबलापाशी गेली.

"खांद्याचा उतार कसा काढता? दोन्ही खांदे सारखे नसले तर?"

"तुम्ही अल्टरला ना, ताई?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता, त्याला खरंच कळेना. "तुम्हाला कशाला लागतंय ते?"

"शिकायचंय."

"आता?" तो ओशाळून हसला. "बरं. संध्याकाळी बघू."

संध्याकाळी तो लवकर निघून गेला. टेबलाखालच्या चिंध्या तिने झाडून काढल्या, दुकान बंद केलं, घरी आईने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने त्याला पुन्हा विचारलं.