फ्रीजसमोरच्या चपला

आमच्या स्वयंपाकघरातला फ्रीज चार वर्षे करंट मारत होता, आणि या गोष्टीचे आम्हाला काहीसे कौतुकच होते. त्याच्या प्लगला पिना तीन, भिंतीतल्या सॉकेटला भोके दोनच. बाबांनी पकडीने तिसरी पिन कापली आणि प्रश्न मिटवला. तेव्हापासून दाराच्या मुठीला हात लावला की बोटांना मुंग्या येत. उपाय म्हणून फ्रीजसमोर रबरी चपलांचा एक जोड कायमचा मुक्कामाला आला.

"चपला घाला हो, आमचा फ्रीज अनोळखी माणसाला चावतो," असे बाबा आल्यागेल्याला सांगत. लोक हसत. मीही मागे राहत नसे. कापलेली पिन हीच विजेची जमिनीकडे जाणारी वाट होती. ती बंद झाली की गळणारी वीज माणसाच्या अंगातून वाट काढते, हे मी जेवणाच्या टेबलावर साधार आणि सविस्तर समजावून देई. मी विद्यापीठात शिकवतो. मला सगळे ठाऊक होते. वायरमनचा नंबर तेवढा मी कधी शोधला नाही.

धाकटी बहीण मात्र पाठ सोडत नसे. "दादा, एवढी पुस्तकं वाचतोस, एक वायरमन बोलावता येत नाही?"

"परीक्षा संपू देत."

"कुणाच्या? तुझी मुलं पास होऊन नोकरीलासुद्धा लागली!"

त्या रविवारी सकाळी ती न्हाऊन आली आणि ओल्या पायांनी दूध काढायला गेली. "दादा, चपला कुठायत?"

मी माझ्या खोलीत एका लेखाच्या तळटिपा तपासत होतो. "असतील तिथेच," मी मान वर न करता म्हणालो.

मग काहीतरी जड पडले. मी धावलो. धावताना फटफट आवाज येत होता. चपला माझ्याच पायांत होत्या.

बाबा तिच्याकडे झेपावत होते. त्यांना मागे ढकलून मी आधी मेन स्विच बंद केला. एवढे एक मी बरोबर केले, आणि तेही उशिरा.

दुपारी वायरमन आला. "आत तारेचं आवरण घासत चाललं होतं, रोज थोडं थोडं. अर्थिंग असतं तर फ्यूज उडाला असता, बस."

"किती वेळाचं काम होतं?" बाबांनी विचारले.

त्याने नजर चुकवली. "तासाभराचं, काका."

संध्याकाळी चौकीवरून आलेल्या हवालदाराने तिच्या मृत्यूचा पंचनामा वाचून दाखवला. "'फ्रीजमध्ये अचानक बिघाड झाल्याने.' बरोबर ना, सर?"

"हो म्हण रे," बाबा पुटपुटले. "मला अजून जगायचंय."

'अचानक' या शब्दाआड बाबा लपू शकले असते. मीही.

"'अचानक' खोडा," मी म्हणालो. "चार वर्षं लिहा. घरात सगळ्यांना माहीत होतं, हे लिहा. तिनं चपला मागितल्या तेव्हा त्या माझ्या पायांत होत्या, तेही."

"सर, असलं काही कागदावर येत नसतं." तरी त्याने तो शब्द खोडला.

बाबांनी त्या रेघेवर बोट ठेवले.

"पिन मी कापली," ते म्हणाले. "एवढं तरी लिहाल ना?"