दारातली बाई

चित्रकलेच्या सरांना मुलं झाकणसर म्हणायची, आणि ते काही उगीच नव्हतं. सव्वीस वर्षं वर्गात त्यांचा एकच मंत्र: चित्रातल्या एकेका गोष्टीवर हात झाकून बघा. चित्राला चुकल्यासारखं वाटलं तर ती गोष्ट ठेवा, नाही वाटलं तर ती फालतू, काढून टाका. शाळेच्या वार्षिक अंकाचं मुखपृष्ठही दरवर्षी तेच करायचे, आणि काय मुखपृष्ठं असायची! एका वर्षी वर्गाबाहेर टेकवलेली एक ओली छत्री, बस्स. एका वर्षी फळ्यावर अर्धवट पुसलेलं गणित. बघणाऱ्याला वाटायचं, पुढे काय आहे बघू तरी, आणि अंक उघडला जायचा. सरांच्या मते मुखपृष्ठाचं काम तेवढंच, माणसाला आत घ्यायचं.

गेली तीन वर्षं मात्र सरांचं काहीतरी बिनसलं होतं. खरी गोम अशी, की तो मंत्र सरांचा नव्हताच, त्यांच्या बायकोचा होता. चित्रकलेतलं तिला ओ का ठो कळत नव्हतं. पण सरांनी चित्र भिंतीला टेकवून ठेवलं, की ती स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, "अहो, हे पाखरू कशाला? झाकून बघा बरं." सर आधी चिडायचे, मग फुगून बसायचे, मग हळूच झाकून बघायचे, आणि पाखरू उडून जायचं. तीन वर्षांपूर्वी चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. तेव्हापासून घर खायला उठायचं आणि "कशाला?" असं विचारणारं कोणी उरलं नव्हतं. मग मुखपृष्ठावर शाळेची इमारत आली, पृथ्वीचा गोल आला, पेन, मशाल, करंडक, चार कबुतरं, सगळं आलं. एक ना धड, भाराभर चिंध्या! गेल्या वर्षीचा अंक बघून एका पालकांनी तर हे वह्या-पुस्तकांच्या दुकानाचं माहितीपत्रक आहे का म्हणून विचारलं होतं.

मुख्याध्यापिका बाई मनाने वाईट नव्हत्या, पण तोंडाने रोखठोक. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं, की निवृत्तीआधीचं हे तुमचं शेवटचं वर्ष, मला मुखपृष्ठ तुमचंच हवंय, पण पूर्वीसारखं. शुक्रवारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर छापखान्याकडे तयार नमुने असतात, त्यातला एक घेऊ. सरांना ते चांगलंच झोंबलं. सव्वीस वर्षांची शेवटची खूण म्हणून दुसऱ्याचा तयार नमुना? त्यापेक्षा नाक कापून दिलेलं परवडलं.

चार संध्याकाळी ते खाली मान घालून बसले. शाळेचं फाटक, सकाळची वेळ, एक झडप उघडी, पलीकडे लांबच लांब मोकळं मैदान. आणि फाटकात एक बाई, कमरेवर हात ठेवून उभी. ती काढायची असं सरांनी ठरवलं नव्हतं, हातानेच काढली. त्या रात्री तीन वर्षांत पहिल्यांदा ते रेडिओ न लावता जेवले. चित्र ताटासमोर टेकवलं आणि दिवसभराचं सगळं तिला सांगितलं, अगदी गुडघा दुखतो इथपासून. कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारा कामातून गेला. पण बघणार होतं कोण?

गुरुवारी नववीच्या वर्गात त्यांनी बारा मुखपृष्ठं फळ्यावर लावली, त्यातच हे नवं, नावगाव न सांगता. त्यांचा हा दरवर्षीचा पाठ होता: कोणता अंक उचलाल, कोणता नाही, आणि का. मुलांच्या जिभेला काय हाड! मागच्या तीन वर्षांच्या मुखपृष्ठांची त्यांनी पार सालटी काढली. एक म्हणाला, यात बघायचं कुठे तेच कळत नाही. दुसरी म्हणाली, सगळेच एकदम बोलतायत. छत्रीला सगळ्यांनी हात वर केले. नव्या चित्राचे रंग छान म्हणाले, पण उचलावंसं वाटत नाही म्हणाले. का, ते कोणालाच सांगता येईना. तेव्हा शंका उठली. ही मुलगी सदा प्रश्न विचारायची म्हणून तिला सगळे शंकाच म्हणायचे.

"सर, ही बाई दारातच उभी आहे," ती म्हणाली. "तिच्यामुळे आत जाता येत नाही."

"स्वागताला उभी असेल."

"नाही सर. ती आपल्याकडे बघतच नाहीये. दुसऱ्याच कोणाकडे तरी बघतेय."

आणि तिने पुढे येऊन बाईवर तळहात ठेवला. गुरूची विद्या गुरूला! फाटक सताड उघडं झालं, मैदान धावत लांब गेलं, अख्खा वर्ग "अरे हो" म्हणाला. सरांनाही ते दिसलं. न दिसायला ते काही आंधळे नव्हते.

"आणि चित्राला चुकल्यासारखं वाटतंय का?" त्यांनी कसंबसं विचारलं.

शंकाने दोनदा हात काढला, दोनदा ठेवला. "चित्राला नाही वाटत, सर."

संध्याकाळी घरी येऊन सरांनी मैदानाचा रंग कालवला आणि तासभर नुसतेच बसून राहिले. चित्र तसंच दिलं असतं तर? मुख्याध्यापिका बाईंनी म्हाताऱ्याचा मान म्हणून घेतलंही असतं. पण ती स्वतः काय म्हणाली असती हे सरांना पक्कं ठाऊक होतं. "अहो, मी कशाला इथे? झाकून बघा बरं." तिचं त्यांनी कधी मोडलं होतं, ते आज मोडतील? त्यांनी पायांपासून सुरुवात केली. तोंड शेवटी ठेवलं. ते झाकलं तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा तो माणूस हमसून हमसून रडला. ती गेली त्या दिवशीही तो असा रडला नव्हता. रंग वाळल्यावर त्या जागी थर जरा जाड झाला, बोट फिरवलं की ती कुठे आहे ते कळायचं.

मुख्याध्यापिका बाई चित्र बघून हरखल्या. अंक छापून आले, मैदानावर वाटले गेले. मुलांनी हातात घेतले आणि लगेच उघडले, मुखपृष्ठावर कोणाचीच नजर अडली नाही. सरांना हवं होतं ते नेमकं हेच. एका कोपऱ्यात उभं राहून त्यांनी आपल्या प्रतीवरच्या फाटकावर बोट फिरवलं. छापील कागद इथून तिथून गुळगुळीत होता.

मूळ चित्र परत मागायला ते कार्यालयात गेले. त्यांनी तोंड उघडायच्या आत बाईंनी कौतुकाने खुर्चीमागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. चित्र चौकटीत बसवून टांगलेलं होतं, शिपाईमामा स्टुलावर चढून ते सरळ करत होते.

"तुमची आठवण," बाई म्हणाल्या. "काच लावून घेतलीये, आता कोणाचा हात लागणार नाही."

सरांच्या अगदी ओठांवर आलं होतं, की काढा ते, मला द्या, त्यात माझी बायको आहे. पण चित्रात तर कोणीच नव्हतं.

"डावीकडून जरा वर घ्या," ते शिपाईमामांना म्हणाले. मामांनी घेतलं. सरांनी मान हलवली, पिशवी उचलली आणि ते घरी गेले.