शपथेचे केस

मित्रांनो, बसा. मान मागे टाका आणि अजिबात हलू नका. आज मी बोलणार आहे, आणि माझ्यावर एकदा बसलं की माणसाला ऐकावंच लागतं!

मी बर्डीच्या मागच्या गल्लीतल्या 'रुपराव कटिंग सलून'मधली सागवानी खुर्ची. जुनी म्हणालात तरी मला राग येत नाही. १९५९ साली सुताराने मला घडवलं तेव्हा माझ्या अंगावर मरून रेक्झिन होतं, पोटात काथ्या होता, पाय ठेवायला लोखंडी पट्टी होती आणि डोकं टेकायची उशी चार खाचांमधून ऐटीत वर-खाली सरकायची. आता रेक्झिनला ठिगळं आहेत आणि चारांपैकी दोनच खाचा उरल्या आहेत. पण सागवान ते सागवान!

मी एकटी जन्मले नाही. त्याच ओंडक्यातून, त्याच आठवड्यात माझी जुळी बहीण निघाली. रुपराव आणि त्यांचे धाकटे भाऊ गोपाळराव शेजारी शेजारी उभे राहून केस कापायचे आणि आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या असायचो. समोर एकच लांब आरसा. तिच्याबद्दल मी फार बोलणार नाही. ती कुरकुरायची, एवढंच सांगते. गिऱ्हाईक टेकलं रे टेकलं की कुर्रर्र! मला तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आमची पहिली गिऱ्हाइकं कोण, माहीत आहे? दोन सहा वर्षांची पोरं. शाळेत नाव घालायचं होतं म्हणून त्यांना आणलं होतं. लहान मुलांसाठी आमच्या दोन हातांवर फळी आडवी टाकतात, म्हणजे मूल उंच बसतं. माझ्या फळीवर अनंत बसला, कुरळ्या केसांचा. तिच्या फळीवर मधुकर, सरळ केसांचा. मशीन मानेला लागताच अनंतने भोकाड पसरलं. त्याचं ऐकून मधुकरनेही सूर लावला. रुपराव हसून म्हणाले, "अबे, एकानं त रडा! दोघंबी एका सुरात काहून रडून राहिले?"

बघा, म्हणजे बँडची सुरुवात आमच्याकडेच झाली.

दोघे मोठे झाले, कॉलेजात गेले, गिटार शिकले. वसंता नावाचा एक ड्रम वाजवणारा मित्र मिळाला आणि १९७१ च्या उन्हाळ्यात त्यांनी रॉक बँड काढला. नाव ठेवलं 'फोर्टी सेव्हन'. त्या मे महिन्यात पारा सत्तेचाळीसला गेला होता म्हणून! अनंतचे वडील चंपतराव मात्र गल्लीत सांगत सुटले की पोरांनी स्वातंत्र्याच्या सालाचं नाव ठेवलं. पोरांनीही त्यांचा गैरसमज जपून ठेवला, कारण त्या गैरसमजापायीच गिटारीच्या तारांना पैसे सुटले होते.

दुपारी सलूनमध्ये गिऱ्हाईक नसायचं आणि पंखा असायचा. मग दोघे गिटारी घेऊन आमच्यावर येऊन बसायचे. मित्रांनो, ही गोष्ट नीट ऐकून ठेवा, पुढे लागणार आहे. आपली गिटार आपण सुरात लावायची नाही, अशी त्यांची पद्धत होती. अनंत तार छेडायचा आणि मधुकर डोळे मिटून सांगायचा, "वर... अजून वर... बस!" मग मधुकर छेडायचा आणि अनंत सांगायचा. मधुकर म्हणायचा, "आपली तार आपल्याले बराबरच वाटते. दुसऱ्यानं सांगाव."

त्यांचं एक गाणंही होतं. चाल मधुकरची, शब्द अनंतचे, आणि तेही अगदी आपल्या बोलीत.

डांबर वितळलं, चप्पल चिकटली,
थांब ना गा, थांब ना गा,
मी येतो अनवाणी!

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पोरांनी हे गाणं तीनदा म्हणायला लावलं. दुसऱ्या दिवशी तेच दोघे रुपरावांच्या कैचीवर हात ठेवून उभे होते. पुढच्या वर्षी मुंबईला मोठी स्पर्धा होती. ती जिंकेपर्यंत दोघांनीही डोक्याला कैची लावायची नाही, अशी शपथ.

"माझ्याच कैचीवर हात ठेवून माझ्याच पोटावर पाय देता काय गा?" रुपराव म्हणाले. पण त्यांनी कैची धरून ठेवली. त्यांचे डोळे हसत होते.

वर्षभरात केस खांद्यावर आले. अनंतचे कुरळे आणि मेंदी लावून तांबूस झालेले, मधुकरचे सरळ, रबराने बांधलेले. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "बाप्पा, चंपतरावांकडे पोरगी केव्हा झाली वं?"

मुंबईच्या गाडीचा दिवस उजाडला. रुपराव आरसा पुसत होते, तेवढ्यात चंपतराव आत आले. मागून मान खाली घालून अनंत. तो माझ्यावर बसला, आणि बसतानाच मला कळलं. माणूस आनंदाने बसतो तेव्हा वजन वेगळं लागतं.

"एकदम बारीक करा," चंपतराव म्हणाले. "उद्या बँकेत मुलाखत हाय."

ते पैसे ठेवून बाहेर गेले. रुपरावांनी हळूच विचारलं, "मधूले सांगितलं काय?"

"सांगतो ना काका. संध्याकाळच्या आत सांगतो. तुम्ही नोका सांगू."

कैची चालली. अनंतने सगळा वेळ आरशात एकदाही पाहिलं नाही. रुपरावांनी झाडू उचलला, तोच दुसरं गिऱ्हाईक आलं आणि केस माझ्या पायाशी तसेच राहिले.

बारा वाजता मधुकर आला. हातात रेल्वेची तीन तिकिटं. "काका, अंत्या दिसला काय? घरी नाही, कुठीच नाही—" आणि त्याची नजर खाली गेली.

"हे केस कोनाचे होय, काका?"

रुपराव पट्ट्यावर वस्तरा घासत होते. ते घासतच राहिले. मधुकर उकिडवा बसला. त्याने एक तांबूस कुरळी बट उचलली, बोटावर गुंडाळून पाहिली, आणि मग ती जिथून उचलली होती तिथेच परत ठेवली. मग तो निघून गेला.

संध्याकाळी तो आणि वसंता स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत उभे होते, असं मी नंतर ऐकलं. अनंत ना स्टेशनवर आला, ना नंतर कधी मधुकरकडे गेला. 'फोर्टी सेव्हन' संपला.

त्याच उन्हाळ्यात दोघा भावांचंही वेगळं झालं. गोपाळरावांनी धरमपेठेत ट्यूबलाइटवालं नवं सलून काढलं आणि माझ्या बहिणीला हातगाडीवर घालून नेलं. गेली! मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. (खुर्च्यांना वळता येत नाही, हे मला माहीत आहे. पण तरी!) ती जिथे उभी असायची तिथे फरशीवर चार पांढरे ठिपके राहिले. बरं झालं, मी म्हटलं, कुरकुर तरी थांबली. रुपराव अजून दर दिवाळीला माझ्या सांध्यांत तेल घालतात, का कोण जाणे.

आता माझ्या आयुष्यातली अवघड वर्षं सांगते. अनंतला बँकेत नोकरी लागली. तो दर रविवारी दहा वाजता येई. मधुकरने रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. तो बुधवारी येई, फक्त दाढीला. केस त्याने वाढूच दिले. एकाच खुर्चीवर, एकाच उशीला डोकं टेकून दोघे एकमेकांबद्दल बोलायचे आणि ते सगळं माझ्या काथ्यात मुरत जायचं.

रविवारी अनंत म्हणे, "मध्या? त्याले काय येत होतं, काका! त्याची गिटार त मीच लावून द्यायचो. अजून केस वाढवून फिरते म्हणे. साधूबाबा!"

बुधवारी मधुकर म्हणे, "अंत्या डोळे मिटून गायचा ना, त लोकाईले वाटे मन लावून गाऊन राहिला. अजी, तो सूर धुंडायचा! अन् गिटार त्याची मीच लावायचो."

पुढच्या रविवारी, "त्यानं चाल दिली? चिवडा खाता खाता मी गुणगुणलो, ते त्यानं ढापलं."

पुढच्या बुधवारी, "आवाज म्हणे! माठात तोंड घातलं त म्हशीचाबी तसाच निघते."

रुपराव दोघांनाही एकच उत्तर देत, "हं." इकडचं तिकडे त्यांनी कधीच केलं नाही. सलूनात ऐकलेलं केसांबरोबर झाडून टाकायचं, हा त्यांचा धर्म. पण मी काय करू? मला झाडू नाही! दोघे एकमेकांची गिटार सुरात लावायचे ते मी पाहिलेलं होतं. ओरडून सांगावंसं वाटायचं, पण फार तर माझा सांधा वाजायचा.

एकदा मात्र मधुकर शिव्या देता देता थांबला. रुपराव त्याच्या गळ्यावर वस्तरा फिरवत होते, म्हणून तो ओठही न हलवता बोलला. "येईल काका तो. एक दिवस माझ्या दुकानात येईल अन् म्हणेल, मध्या, चुकलो. त्या दिवशी तुमच्याकडून केस कापून घेतो. शपथ त्यानं मोडली, मी नाही."

मित्रांनो, तेव्हा मला कळलं की ते केस म्हणजे हट्ट नव्हता. तो वाट पाहत होता. अकरा वर्षं!

१९८३ चा मार्च. त्या बुधवारी मधुकर कोणाचा तरी रेडिओ दुरुस्त करायला रामटेकला गेला होता, म्हणून दाढीला रविवारी आला, सकाळी आठला. अर्ध्या गालावर फेस असताना त्याने बाकावरचं वर्तमानपत्र मागितलं. आत टाय घातलेल्या अनंतचा फोटो. बँकेचे तरुण अधिकारी, जुन्या रॉक बँडचे जनक. मुलाखत!

"थांबा काका," मधुकर म्हणाला आणि मोठ्याने वाचू लागला. "'फोर्टी सेव्हन' मी काढला. 'थांब ना गा' हे गाणं, त्याचे शब्द आणि चाल, सगळं माझंच. सोबत इतरही काही मुलं होती."



"इतरही काही मुलं," मधुकर पुन्हा म्हणाला आणि हसला. फेसात हसू कसं दिसतं ते मला विचारू नका. "काका, अकरा वर्षं त्यानं मले शिव्या दिल्या, मले का मालूम नाही? पण शिवी द्याची त माणूस नाव त घेते ना! आता त नावबी नाही."

त्याने रबर काढलं. केस माझ्या पाठीवरून खाली सांडले. त्यांत पांढरे होते, ते तोवर कुणाला दिसलेच नव्हते.

"कापा."

रुपरावांचा हात थांबला. "मधू, दहाले येते तो. थांबतं काय?"

"काहाले? आता कोनासाठी थांबू? कापा, काका."

ज्या कैचीवर शपथ घेतली होती तिनेच केस कापले गेले. ते माझ्या पायाशी पडले, जिथे पूर्वी ते कुरळे पडले होते त्याच फरशीवर. मधुकरने आरशात पाहिलं, मानेवरून एकदा हात फिरवला आणि निघून गेला.

रुपरावांनी झाडू उचलला, आणि कोपऱ्यात परत ठेवला. पुढची तीन गिऱ्हाइकं त्यांनी त्या केसांच्या बाजूने फिरत फिरत केली. एक जण म्हणालाही, "काका, झाडून घ्या ना." रुपराव म्हणाले, "राहू द्या."

बरोबर दहाला अनंत आला, काखेत वर्तमानपत्र. "पाहिलं काय काका? पेपरात आलो!" आणि बसायला म्हणून त्याने माझ्या हातावर हात ठेवला, तोच त्याला खाली ते लांब केस दिसले.

"हे केस कोनाचे होय?"

अगदी तेच शब्द. चोवीस वर्षांत रुपरावांनी एका गिऱ्हाइकाचं दुसऱ्याला सांगितलं नव्हतं. त्यांनी वस्तरा खाली ठेवला.

"इतरांचे होय, साहेब."

अनंतला त्यांनी आजवर कधी साहेब म्हटलं नव्हतं. तो उभा राहिला. आरशात त्याची नजर माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर गेली, त्या चार पांढऱ्या ठिपक्यांवर. तो वाकला, त्याचा हात केसांपर्यंत पोचलाही होता. पण त्याने तो मागे घेतला.

"आज राहू द्या, काका," तो म्हणाला. जाताना त्याने केसांवर पाय पडू दिला नाही, भिंतीला अंग घासत, लांबून वळसा घालून गेला. रेडिओच्या दुकानाकडे वळला की घराकडे, ते मला दारातून दिसत नाही. मधुकरही त्यानंतर आमच्याकडे आलेला नाही. बुधवार आता मोकळाच जातो.

मित्रांनो, मला नवं रेक्झिन नको, पॉलिशही नको. एवढंच मागते, की तुमचं कोणाशी बिनसलं तर खुशाल भांडा, दोन शिव्या द्या, पण जो शेजारी बसून तुमची तार सुरात लावत होता त्याचं नाव पुसू नका. इथल्या आरशासमोर बसून मी हे दोघांकडून शिकले. आणि शिकता शिकता एक गोष्ट मला फार टोचू लागली, ती आज सांगूनच टाकते.

धरमपेठेत कधी केस कापायला गेलात, तर गोपाळरावांच्या सलूनमध्ये एक सागवानी खुर्ची दिसेल, माझ्यासारखीच. तिच्यावर बसा. ती जरासुद्धा वाजणार नाही. तिला माझा निरोप द्या. म्हणावं, कुरकुरायची मीच.