कोल्टर पिकेटचे चौऱ्याण्णव चेंडू

हॅलबर्टच्या लोकांना मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. उपयोग काय झाला? पालथ्या घड्यावर पाणी. अपूर्णांकात दोनदा नापास झालेला जिम रुडेल आज हायस्कुलाच्या बेसबॉल संघाचा कोच आहे. त्याच्या शेजारच्या बाकावर बसून त्याच्याच चुका उतरवून घेणारा डॉनी पिकेट ट्रॅक्टर विकतो आणि चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसतो. गावात दोघांच्याही शब्दाला वजन आहे. यावरून गावाचं वजन काय ते समजून घ्या.

डॉनीचा मुलगा कोल्टर. सतरा वर्षांचा, उंच, काडीसारखा, मोजकं बोलणारा. हा आमचा पिचर. ताशी त्र्याण्णव मैलांनी चेंडू टाकायचा. मी गावाला कितीही नावं ठेवीन, पण त्या पोराच्या हाताला नाही. चेंडू त्याच्या बोटांतून सुटायचा आणि समोरचा गडी बॅट उचलायच्या आत कॅचरच्या हातमोज्यात जाऊन बसायचा. माझ्यासारख्या कोरड्या बाईच्याही अंगावर काटा यायचा. मग गावाचं काय विचारता! मुख्य रस्त्यावर त्यांनी एक भलामोठा फलक टांगला. त्यावर कोल्टरचा चेहरा नव्हता, नुसता उजवा हात होता. पाद्री रविवारी त्या हातासाठी प्रार्थना करायचे. डॉनी तर वेग मोजायची बंदूक घेऊन जाळीमागे उभा राहायचा आणि दर चेंडूला आकडा ओरडून सांगायचा. मुलाचं नाव घेताना मी त्याला क्वचितच ऐकलं, आकडे मात्र रोज ऐकले.

निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं संघाची वही माझ्याकडे होती. कोण बाद झालं, कोण धावलं, पिचरने किती चेंडू टाकले, सगळं मी लिहायचं. आमच्या जिल्ह्याच्या सामन्यांत नियम असा, की शाळकरी पिचरने एका सामन्यात एकशेदहाच चेंडू टाकायचे, एकशेदहा झाले की बाहेर. वाढत्या वयाची हाडं आहेत, म्हणून. मैदान ज्यांचं, वही त्यांची ग्राह्य धरायची. पाहुण्यांच्या वहीवाल्याने डावागणिक ती बघून मान डोलवायची.

इथूनच सज्जनांची सज्जनता सुरू व्हायची. प्रत्येक गावाचा वहीवाला दोन्ही पिचरांचे दहा-पंधरा चेंडू कमी लिहायचा आणि पाहुणा मान डोलवायचा, कारण पुढच्या आठवड्यात तो यजमान असायचा. हे कोणी ठरवलं नव्हतं, कोणी कधी बोललंही नव्हतं. आधी टोप्या काढून छातीशी धरायच्या, राष्ट्रगीत म्हणायचं, देवाचं नाव घ्यायचं, आणि मग मी पेन्सिल उचलून खोटं लिहायचं. तुझं मी झाकते, माझं तू झाक. सगळा जिल्हा असा एका पांघरुणात.

खरा आकडा माझ्या स्वेटरच्या खिशात असायचा. मुठीत मावेल असं मोजायचं यंत्र आहे माझ्याकडे. खटका दाबला की आकडा एकाने पुढे सरकतो, बाजूची चावी फिरवली की सगळे शून्य. दर चेंडूला मी खिशातल्या खिशात खटका दाबायची. खोटं लिहिणाऱ्याला खरं माहीत असावंच लागतं, नाहीतर किती खोटं लिहायचं ते कळणार कसं? त्या वसंतात कोल्टर वहीत एकदाही एकशेदहाच्या वर गेला नाही. खिशात तो एकशेअठ्ठावीस झाला, एकशेएकतीस झाला, पुन्हा एकशेसव्वीस झाला.

मार्चमध्ये एकदा तो सरावानंतर माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, मिस वेल्मा, चमचा उचलला तरी कोपरात जळतं. मी मनात म्हटलं, आजकालची पोरं म्हणजे लोण्याची. आमचा थोरला भाऊ कापसाच्या गिरणीत दोन बोटं गमावून दुसऱ्या दिवशी कामावर गेला होता. बर्फ लाव, मी म्हणाले, आणि शुक्रवारच्या सामन्यापर्यंत वडिलांच्या कानावर घालू नकोस, उगाच डोकं पिकवतील. त्याने 'यस मॅम' म्हटलं आणि गेला. मी वही भरत बसले.

जिल्ह्याचं विजेतेपद ठरवणारा शेवटचा सामना एप्रिलच्या अखेरीस, शनिवारी भर दुपारी, टुली स्प्रिंग्जच्या मैदानावर होता. मैदान त्यांचं, म्हणजे वही मिस्टर लॉफ्टिसची. लॉफ्टिस म्हणजे टुलीचा जुना औषधवाला, दुकान विकून बसलेला, शर्टाच्या खिशात चार पेन्सिली खोचणारा. अकरा वर्षं आम्ही एकमेकांच्या खोट्याला मान डोलवत आलो होतो. इतकी नेकी मी कुठल्या नवराबायकोत पाहिली नाही. त्यामुळे मी त्या दिवशी त्याच्या वहीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. डाव संपला की तो लांबून वही उचलून दाखवायचा, मी लांबून मान डोलवायची आणि काकडीच्या लोणच्याचा तुकडा तोंडात टाकायची.

पाचवा डाव संपला तेव्हा आम्ही दोन-एकने पुढे होतो. दोनच डाव उरले होते. तेवढ्यात लॉफ्टिस उठला, काठी टेकत अंपायरकडे गेला आणि शांतपणे म्हणाला, हॅलबर्टच्या पिचरचे एकशेदहा भरले.

रुडेल असा उसळला की त्याच्या तोंडातल्या सूर्यफुलाच्या बिया अंपायरच्या बुटांवर पडल्या. त्याने माझी वही हिसकावून अंपायरसमोर धरली. माझ्या वहीत होते एक्क्याऐंशी. सवयीचा हात, दुसरं काय! खिशात होते चौऱ्याण्णव. म्हणजे लॉफ्टिसने सोळा वाढवले होते आणि मी तेरा खाल्ले होते, आणि खरं बोलणारं यंत्र माझ्या स्वेटरच्या खिशात गप्प पडून होतं.

अंपायरने दोन्ही वह्या पाहिल्या आणि म्हणाला, "तुमच्यापैकी एकाला मोजता येत नाही, किंवा दोघांनाही. नियम यजमानांच्या वहीचा आहे. पोराला बाहेर काढा."

कोल्टरने चेंडू कोचच्या हातात ठेवला आणि मान खाली घालून आला. कुरकुर नाही, पाय आपटणं नाही. मला तेव्हा संताप आला. म्हटलं, काय हे मेंगळट पोरगं, याच्या तोंडचा घास काढून घेतला आणि हा पाणी पितोय!

त्याच्या जागी रुडेलने आपल्या बहिणीच्या मुलाला उभं केलं. त्या बिचाऱ्याने जे दिवे लावले ते सांगण्यात अर्थ नाही. आम्ही सहा-दोनने हरलो. टुलीची पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती आणि आमच्या आया लॉफ्टिसला जे म्हणत होत्या ते चर्चमधल्या बायांच्या तोंडी शोभणारं नव्हतं. लबाड, म्हातारा लांडगा. ज्या गावाने अख्खा वसंत माझ्या खोट्यावर काढला, ते गाव आता खरेपणाच्या नावाने गळा काढत होतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

रुडेल मला बाजूला घेऊन गेला, डॉनी मागोमाग आला. मैदान सोडण्याआधी लेखी तक्रार दिली आणि पुरावा दाखवला, तर सामना सोमवारी सहाव्या डावापासून पुन्हा खेळवता येतो. आणि माझ्या खिशात ते यंत्र असतं, हे रुडेलला ठाऊक होतं. जिंकत असताना त्याला एक्क्याऐंशी हवे होते. हरल्यावर चौऱ्याण्णव गोड लागायला लागले.

"अजून सोळा चेंडू आहेत त्याचे," डॉनी म्हणाला. "सोळात कोल्टर सगळ्यांना गुंडाळतो. सोमवारी खेळाडू निवडणारा कॉलेजचा माणूसही येईल बघायला."

मी विचारलं, आणि माझ्या वहीतल्या एक्क्याऐंशींचं काय सांगायचं?

"वय झालंय म्हणून सांगा, मिस वेल्मा," रुडेल म्हणाला. "चूक होते या वयात. अंपायर समजून घेईल."

ज्याला मी दोनदा नापास केलं, तो मला वय सांगत होता. पण खरं सांगते, मीही तक्रार द्यायलाच निघाले होते. माझा राग लॉफ्टिसवर होता. अकरा वर्षांचा करार त्याने मोडला होता, आणि मोडताना मला तोंडघशी पाडलं होतं. म्हटलं, आधी त्या म्हाताऱ्याला चार शब्द सुनावते, मग सही करते.

लॉफ्टिस पाण्याच्या नळाशी बाकावर बसून पेन्सिलींना टोक करत होता. मी तोंड सोडलं. लाज वाटत नाही का, या वयात पोराच्या हातातून चेंडू काढून घेतलास, वगैरे वगैरे. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "झालं? बस जरा. तुझा तो पोरगा सामन्याआधी माझ्याकडे आला होता."

मी उभीच राहिले.

"इथेच, नळाशी. म्हणाला, सर, आज माझे चेंडू जरा भरभर मोजाल का? मला आधी कळेना. मग त्याने बाही वर केली. मी चाळीस वर्षं औषधं विकली आहेत, वेल्मा. ते कोपर होतं की भिजून फुगलेला पाव, तूच बघ जाऊन. म्हटलं, बापाला सांग. तर म्हणाला, बाबांना सांगितलं की ते वेग विचारतात."

मी म्हटलं, आणि विजेतेपद? ते तुमच्या गावाला मिळालं ते?

"ते फुकटात मिळालं," लॉफ्टिस म्हणाला. "नको म्हणायला मी काही साधू नाही. पण अकरा वर्षं याच वहीत दुसऱ्यांच्या पोरांचे चेंडू मी कमी लिहीत आलो. एकदा जास्त लिहिले. पेन्सिल तीच होती."

मी तशीच बसकडे गेले. बसमध्ये बाकीची पोरं नव्हती, ती अजून मैदानावर रडत होती. कोल्टर एकटाच मागच्या सीटवर होता. कोपराला बर्फाची पिशवी बांधून, खिडकीला डोकं टेकून. मला पाहून सरळ बसला.

मी त्याला बाही वर करायला सांगितलं. लॉफ्टिसने वाढवून सांगितलं नव्हतं.

"परक्या गावच्या माणसाला सांगितलंस," मी म्हणाले. "मी तुमच्याच बाकावर बसते रे. मला का नाही सांगितलंस?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, तोच तर त्रास.

"सांगितलं होतं, मॅम. मार्चमध्ये. तुम्ही बर्फ लावायला सांगितलं होतं." मग म्हणाला, "मी लावला."

आयुष्यात मी पुष्कळ पोरांना चुकीच्या उत्तराबद्दल उभं केलं. त्या बसमध्ये मी उभी होते आणि मला बसावंसं वाटत होतं. एकशेअठ्ठावीस, एकशेएकतीस, एकशेसव्वीस. गावात कोणालाच हे आकडे माहीत नव्हते. ना डॉनीला, ना रुडेलला, ना प्रार्थना करणाऱ्या पाद्र्यांना. मला माहीत होते. ते मूर्ख होते, आणि मी मोजत होते.

बॅट धरणारा जिथे उभा राहतो त्या होम प्लेटपाशी अंपायर मुखवटा काखेत धरून उभा होता. त्याला घरी जायचं होतं. रुडेलने तक्रारीचा कागद आधीच भरून ठेवला होता, सहीची जागा फुलीने दाखवून, कारण वय झालेल्या बाईला सही कुठे करायची तेही कळत नसणार. डॉनी हात चोळत होता. सोमवारी वारा कुठून असेल, याचा हिशेब त्याने सुरूही केला होता.

"दाखवा, मॅम," अंपायर म्हणाला. "काय आहे तुमच्याकडे?"

मी खिशात हात घातला. अंगठ्याला खटका लागला, त्याच्या बाजूला चावी लागली. मी चावी फिरवली आणि यंत्र त्याच्या हातावर ठेवलं.

त्याने ते डोळ्यांजवळ नेलं. "यात तर शून्य आहे."

"असेल," मी म्हणाले. "माझं वय झालंय. मला मोजता येत नाही."

रुडेलचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. अपूर्णांकाच्या तासाला तो असाच दिसायचा. अंपायरने यंत्र परत दिलं, कागद घडी करून रुडेलच्या खिशात खोचला आणि आपल्या गाडीकडे निघून गेला. परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. कोल्टर मात्र मागे गाढ झोपला होता, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखा.

वही आता रुडेलच्या बायकोकडे आहे. बाईचं अक्षर सुंदर आहे आणि ती दहा-पंधरा कमी लिहायला शिकलीही असेल. वेल्माचं डोकं फिरलं, असं कॅफेत म्हणतात. मी आत शिरले की आवाज खाली येतात, बाहेर पडले की वर जातात. लॉफ्टिसला अजून शिव्या देतात. खरं काय झालं ते मी सांगितलेलं नाही, कारण मग ते लॉफ्टिसला सोडतील आणि पोराला धरतील. एवढं मी या गावाला ओळखते.

परवा कोल्टर कॅफेत बसला होता. हाताला डॉक्टरने पट्टा बांधलाय, वर्षभर चेंडूला शिवायचं नाही म्हणून ताकीद आहे. डाव्या हाताने सूप पीत होता, निम्मं सांडत होतं. रस्त्यावरचा फलकही उतरवलाय, आता तिथे नव्या ट्रॅक्टरची जाहिरात आहे. मला पाहून तो चमचा खाली ठेवून उभा राहिला, आईने शिकवलंय तसा, आणि म्हणाला, "गुड मॉर्निंग, मॅम."

बस रे बाबा, म्हणाले. सूप निवेल. आणि त्याच्या चमच्याकडे बघवेना, म्हणून कॉफी न घेताच बाहेर पडले.